‘पाणी नको, ऊन नको’ असे झाड नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर लेख आला होता. काचेच्या गोल भांड्यात निळी-गुलाबी वाळू, तिच्यावर कमळासारखे एक सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारे झाड) आणि फोटोखाली ओळ : ‘वाळवंटी झाड. पाणी नको, ऊन नको, कटकट नको.’ पुढे असेही लिहिले होते की परदेशात हीच झाडे पाळीव पाली-सरड्यांच्या काचपेटीत लावतात आणि तिथेही ती आपोआप वाढतात.

ही दोन्ही कामे मी स्वतःच्या हाताने केली आहेत. सोलापुरात आमच्या गच्चीवर गेली नऊ-दहा वर्षे, आणि अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन गावी, मुलाच्या घरी, नातीच्या लेपर्ड गेको या पाळीव पालीच्या पेटीत साडेपाच महिने. त्या ओळीवर विश्वास ठेवून लोक झाडे आणतील आणि ती महिन्या-दोन महिन्यांत मरतील, हे मला दिसते आहे. म्हणून लिहितो. पत्र लांबले तर कापा, पण उजेडाचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

मी सूतगिरणीत ३१ वर्षे इलेक्ट्रिशियन होतो. खात्यात कोणत्या मशीनवर किती उजेड पडतो ते लक्स मीटरने मोजून वहीत लिहायचे, हे माझे काम. निवृत्त झाल्यावर एक छोटा मीटर विकत घेतला, सवय म्हणून. त्याचा खरा उपयोग झाडांनी शिकवला.

२०१५च्या दिवाळीत मी नर्सरीतून बारा एचेव्हेरिया, म्हणजे कमळाच्या आकाराची सक्युलंट, आणल्या. निळसर, जांभळट, कडा गुलाबी. दुकानदार म्हणाला, ‘काका, पंधरा दिवसांनी चमचाभर पाणी, बस.’ हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटावर ओळीने मांडल्या. पाहुणे हात लावून बघायचे, खरी आहेत का म्हणून. संक्रांत येईपर्यंत त्यांनी माना लांब केल्या. पाने खाली झुकली, दोन पानांमध्ये बोट-बोट अंतर पडले, रंग उडून फिकट हिरवा झाला. मला वाटले, झाड जोमात वाढते आहे. ते उजेड शोधत होते.

एप्रिलमध्ये कोणीतरी सांगितले, यांना ऊन दाखवा. मी त्याच दिवशी सगळ्या गच्चीवर नेल्या. आगीतून फुफाट्यात. एका दुपारीत पानांवर पांढरे चट्टे पडले, मग ते तपकिरी झाले. ज्या वाचल्या त्यांच्यावर जूनमध्ये पाऊस पडला आणि पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचून त्या आतून कुजल्या. बारापैकी एक उरली. तिची पिल्ले अजून माझ्याकडे आहेत.

तेव्हा मी मीटर काढला. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर आकडा एक लाखाच्या वर गेला. त्याच वेळी टीव्हीच्या कपाटावर १८०. खिडकीपासून तीन फुटांवर ९००. खिडकीच्या कट्ट्यावर, जाळीच्या आत, साडेचार हजार. आपल्याला हॉल चांगला उजेडाचा वाटतो, कारण डोळ्याची बाहुली मोठी होऊन भरपाई करते. झाडाला अशी सोय नाही. कपाटावरच्या झाडाला गच्चीच्या पाचशेव्या हिश्शाहून कमी उजेड मिळत होता. माणसाला रोज पाचशे घासांऐवजी एक घास दिला आणि वर सांगितले की याला जेवण लागत नाही, तसे झाले हे.

पानांची ती कमळासारखी मांडणी उगाच नाही. प्रत्येक पान खालच्या पानापासून थोडे फिरून येते, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर कमीत कमी पडते. सगळा आकारच उजेड गोळा करायला घडलेला आहे. आपण त्यालाच ‘ऊन नको’ म्हणतो.

आता ‘वाळवंटी’ या शब्दाबद्दल. मलाही वाटायचे, वाळवंटातले झाड सोलापुरात आनंदाने राहील; आमच्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश असतात. पण एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगरांतल्या. खडकांच्या कपारीत, कड्यांवर, ओक आणि पाइनच्या रानात त्या वाढतात. नाव पडले आतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकारावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाने मेक्सिकोतल्या वनस्पतींच्या नोंदीसाठी मोहीम काढली, तिच्यासाठी त्याने चित्रे काढली. १८२८ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कॅन्डोल यांनी हे नाव दिले. मुद्दा असा की तिथे दिवसा ऊन कडक, पण रात्र गार. आणि या झाडांचा सगळा संसार रात्रीवर चालतो. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून ती पानांची छिद्रे मिटून बसतात. रात्री गारव्याला ती छिद्रे उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तो वापरतात. आमच्याकडे मेमध्ये मध्यरात्रीही भिंती तापलेल्या असतात. छिद्रे नीट उघडत नाहीत, झाड काम बंद करून बसते. अशा वेळी कीव येऊन आपण भरपूर पाणी दिले की मुळे सडली म्हणून समजा. मी तसे केले आहे, एकदा नव्हे, सलग दोन उन्हाळे.

त्याच आकाराची दुसरी झाडे बघा. सेम्परव्हायव्हम हे युरोपातल्या आल्प्ससारख्या पर्वतांवरचे, बर्फाखाली हिवाळा काढणारे. वीज पडू नये म्हणून तिकडे ते घराच्या छपरावर लावत. शार्लमेन या सम्राटाच्या, सुमारे १२०० वर्षांपूर्वीच्या, शाही शेतमळ्यांसाठीच्या आज्ञेत ते छपरावर लावायला सांगितले आहे. विजेत आयुष्य गेल्यामुळे ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आणि मी हट्टाने तीनदा ते झाड आणले. सोलापुरात तिन्ही वेळा मेमध्ये गेले. आता आणत नाही. एओनियम कॅनरी बेटांवरचे, ते हिवाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात पाने मिटून झोपते. लोकांना वाटते मेले. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, झुडपांच्या आडोशाने, अर्धी मातीत दबून राहणारी, म्हणून घरातल्या खिडकीत टिकते. आपली कोरफड मुळची अरबस्तानातली, ती आमचा उन्हाळा सोसते. आणि बांधावरची, रेल्वेच्या कडेची घायपात मेक्सिकोचीच, पण तिला वेगळी काळजी लागत नाही. पाने सगळ्यांचीच कमळासारखी, पण गावे वेगळी, ऋतू वेगळे. फक्त ‘वाळवंटी’ म्हटल्याने काही कळत नाही.

माझी पद्धत सांगतो. फोटोतल्या काचेच्या भांड्याला तळाला भोक नाही, त्यात झाड लावूच नये. साधी मातीची कुंडी घ्यावी. एक भाग बागेची माती, एक भाग विटांचा बारीक तुकडा (भुकटी चाळून काढलेला), एक भाग बारीक खडी. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आलेले रोप आणल्या आठवड्यात बदलावे; कोकोपीट वाळले की पाणी धरत नाही आणि भिजले की सोडत नाही. वरून चिकटवलेले खडे असतील तर ते काढावेत. रंग फवारलेली झाडे, निळी, सोनेरी, चमकीची, घेऊच नयेत. त्या रंगाखाली पान उपाशी राहते. पानावर द्राक्षाच्या मण्यावर असतो तसा पांढरट थर असतो. तो मेणाचा आहे, उन्हापासून झाडाला वाचवतो. बोटाने पुसला की त्या पानावर परत येत नाही, म्हणून मुलांना तेवढे सांगावे. पाणी द्यायचे का हे कॅलेंडर बघून ठरवू नये, खालचे पान चिमटीत धरून ठरवावे. टणक असेल तर थांबावे, मऊ पडले असेल तर कुंडीच्या तळातून निघेपर्यंत द्यावे, मग पुन्हा पूर्ण वाळू द्यावे. मार्च ते मे हिरव्या जाळीखाली, जून ते सप्टेंबर पारदर्शक पत्र्याखाली, जिथे उजेड आहे पण पाऊस नाही. ऊन दाखवायचे ते रोज थोडे थोडे वाढवत, पंधरा दिवसांत. पानांच्या बेचक्यात कापसासारखे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसावा. आणि पान तुटले तर टाकू नये. पानफुटीला कडेवर रोपे येतात, इथे देठाच्या टोकाला येतात. सावलीत कोरड्या मातीवर ठेवले की तीन आठवड्यांत गुलाबी मुळे दिसतात. आमच्या सौ.नी जुन्या परातीत अशी पानांची नर्सरीच केली आहे.

आता काचपेटीचे. २०२३ साली एप्रिलमध्ये आम्ही टूसॉनला गेलो. नातीने नुकतीच लेपर्ड गेको आणली होती. ही पालच, पण भिंतीवर चढत नाही, तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. आणि आपल्या घरातल्या पालीला नसतात तशा हिला पापण्या असतात, डोळे मिटून झोपते. पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या कोरड्या, खडकाळ टापूतली ती मूळची. शेपटी जाड असते, कारण चरबी तिथे साठते. नात म्हणाली, ‘आजोबा, तिची शेपटी म्हणजे सक्युलंटचं पान.’ दहा वर्षांच्या मुलीने बरोबर ओळखले.

पेटी तीन फुटांची. दुकानातून ‘डेझर्ट’ नावाचा संच आणलेला : लाल वाळू, वर तापवणारा दिवा, रात्रीसाठी तांबडा दिवा आणि वाळूत थेट लावलेल्या तीन एचेव्हेरिया. कात नीट निघावी म्हणून कोणीतरी सांगितल्यावरून रोज सगळ्या पेटीत पाणी फवारत होते. मी गेलो तेव्हा एक झाड दिव्याखाली उकडून गेले होते, पाने शिजलेल्या कांद्यासारखी पारदर्शक. दुसरे फवाऱ्याने मुळाशी कुजलेले. तिसऱ्याने आमच्या टीव्हीच्या कपाटावरच्यासारखी मान लांब केलेली. आणि पालीच्या दोन बोटांवर जुनी कात अडकून राहिली होती. माझी सोलापूरची तिन्ही संकटे त्या तीन फुटांत एकत्र होती.

माझ्या हातात ओळखीचे काम आले. तिकडे वीज १२० व्होल्टची, पण उष्णता तीच. दिव्याखाली जमीन ४७ अंश भरली. दिव्याला थर्मोस्टॅटच, म्हणजे तापमान आवरणारे बटणच, नव्हते. हे मुक्या जिवाला चटका देणारे आहेच, आगीचेही भय आहे. थर्मोस्टॅट बसवला, चिनी मातीचा होल्डर घातला, जमीन ३२-३३ वर आणली. दुसरे टोक २४-२५ वर राहिले, झाडे सगळी त्या टोकाला. वर पांढऱ्या एलईडीची पट्टी, टायमरवर १२ तास. रात्रीचा तांबडा दिवा काढूनच टाकला. घरात रात्री तापमान २१-२२ पर्यंत उतरायचे. ते पालीलाही चालते आणि झाडांना तर हवेच असते.

फवारणे बंद केले. त्याऐवजी एका झाकणाच्या डब्याला दार कापून आत ओले शेवाळ ठेवले, पाल कात टाकायच्या वेळी त्यात जाऊन बसते. नुसती सुटी वाळू काढून माती आणि वाळू एकत्र चोपून घट्ट जमीन केली, कारण भक्ष्याबरोबर वाळू पोटात जाते. झाडे मात्र जमिनीत लावली नाहीत. मातीच्या लहान कुंड्यांत लावून कुंड्या काठापर्यंत पुरल्या. पाणी द्यायचे असेल तेव्हा कुंडी उचलायची, बाहेर पाणी द्यायचे, पूर्ण निथळली की परत ठेवायची. पेटी कोरडी राहते.

कोणते झाड टिकले, तर हॉवर्थिया आणि तिच्यासारखीच गॅस्टेरिया. एलईडीखाली पानांच्या उंचीवर मीटर आठ हजार दाखवत होता. एवढ्यावर त्या खूश. एचेव्हेरियाला हे कमी. तरीही नातीला तीच हवी होती, गुलाबी कडेची. मग कुंड्यांचे तीन संच केले : प्रत्येक संच पेटीत दोन आठवडे, मग अंगणातल्या उजेडाच्या सावलीत महिनाभर, पाळीपाळीने. दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखे थोडे दिवस मिरवायचे आणि परत जागेवर. हे मला तरी चालण्यासारखे वाटते. निसर्गात मेक्सिकोचे झाड आणि अफगाणिस्तानची पाल कधी भेटत नाहीत. आपण भेटवतो, तर दोघांचे सोसणे आपण बघायला हवे.

पेटीत काय लावू नये हेही सांगतो, कारण आपल्या लेखात सगळी सक्युलंट एका ओळीत मोजली होती. निवडुंगासारखी दिसणारी, तोडली की दुधासारखा चीक येतो ती युफोर्बिया अजिबात नको. तो चीक डोळ्यात गेला तर माणसाचेही हाल होतात. पानफुटी आणि तिच्या जवळची कलांचो झाडे, त्यांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. गेको किडे खाते, झाड खात नाही, पण तिच्यासाठी सोडलेले रातकिडे झाड कुरतडतात आणि मग ती रातकिडे खाते. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा तर झाडही खातो. म्हणून नर्सरीतून आणलेले झाड तसेच आत ठेवू नये. मुळे धुऊन, माती बदलून काही आठवडे वेगळे ठेवावे, कारण नर्सरीत मारलेले कीटकनाशक झाडाच्या रसात उतरलेले असते. घायपातीसारखी टोकदार काट्यांची झाडेही नकोत. पाल अंधारात फिरते, आणि तिला मोठे डोळे आहेत.

टूसॉनजवळ ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम आहे, तिथे सूनबाई आम्हाला घेऊन गेली. घायपातीच्या इतक्या जाती मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. तिथली वटवाघळे रात्री त्यांच्या फुलांतला मध प्यायला येतात. घायपात एकदाच फुलते आणि मरते, हे आपल्या बांधावर आपण बघतोच. त्या राज्यात स्वतःच्या जमिनीवरचे संरक्षित रानझाड काढायचे तरी कृषी खात्याला आधी कळवावे लागते. शेजारच्या कॅलिफोर्नियात समुद्रकड्यांवर डडलिया नावाचे, असेच पांढरे कमळासारखे सक्युलंट वाढते. २०१७ पासून तिथे चोऱ्या उघडकीला आल्या. कड्यांवरून हजारोंनी झाडे उपटून खोक्यांत भरून पूर्व आशियात पाठवली जात होती, कारण तिकडे घरात ठेवायला त्यांना मागणी आहे. शेवटी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाला त्या एका झाडासाठी वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा ऑनलाइन एखादे दुर्मीळ झाड दिसले तर ते बियांपासून किंवा पानापासून तयार केले आहे का, हे विक्रेत्याला विचारलेच पाहिजे. मी विचारतो. उत्तर नाही आले तर घेत नाही.

आणि आपल्याकडच्या वाचकांसाठी एक काळजीची गोष्ट. असे लेख वाचून मुले पेटी मागतात आणि पेटीत घालायला प्राणी. आमच्या ओळखीच्या एका घरी लक्ष्मी येते म्हणून तारा कासव ठेवले होते, काचेच्या डब्यात, दोन कुंड्यांच्या मधे, ऊन नाही की चालायला जागा नाही. पाठ मऊ पडली होती. ते कासव पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. मी त्यांच्याशी दोन तास बोललो, मग त्यांनी स्वतःच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. लेपर्ड गेकोची चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रातल्या कोरड्या डोंगरांतही राहते. तिला विषारी समजून लोक ठेचतात. ती विषारी नाही. तिला मारूही नये, घरीही आणू नये.

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करून छापावी. आणि यापुढे झाडाचा फोटो देताना खाली त्याचे गाव लिहावे : मेक्सिकोचा डोंगर, आल्प्स, दक्षिण आफ्रिका, जे असेल ते. वाचणाऱ्याला निम्मी देखभाल त्यावरूनच कळेल.

आज आमच्याकडे वळवाचा पहिला पाऊस झाला, म्हणून दुपारपासून कुंड्या पत्र्याखाली नेतो आहे. परातीत चाळीसेक रोपे तयार आहेत, त्या एका वाचलेल्या एचेव्हेरियाची. सोलापुरातल्या ज्या शाळेला हवी असतील तिला मी ती माती-कुंडीसकट देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. फक्त दसऱ्यानंतर यावे. पावसाळ्यात मुळे हलवलेली त्यांना सोसत नाहीत.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, सोलापूर